कडेचे प्यादे : बुद्धिबळातील एक आक्रमक प्रारंभपद्धती, देशी नियम आणि मुंबई

प्रास्ताविक

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्याच खेळीत राजाकडील घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलणे हा प्रशिक्षकांच्या दृष्टीने जवळजवळ अपराध समजला जातो. मध्यावरील घरे ताब्यात घ्यावीत, घोडे व उंट लवकर बाहेर काढावेत, राजाला किल्लेकोटात सुरक्षित करावे, ही शिकवण प्रत्येक नवशिक्याला दिली जाते. उपरोक्त खेळी या तिन्ही सूत्रांना छेद देते. ती मध्य सोडून कडेला लढाई सुरू करते, स्वतःच्या राजाचा बाजूचा तट पाडते आणि प्रतिपक्षाच्या उंटाला फुकटचे प्यादे दाखवते. तरीही या खेळीला नाव आहे, तिच्यावर ग्रंथ आहेत आणि तिचे निष्ठावंत उपासकही आहेत. झुरिक येथील स्विस खेळाडू हेन्री ग्रोब (1904-1974) याच्या नावाने ती 'ग्रोबचा हल्ला' म्हणून ओळखली जाते.

एखादी खेळी 'विचित्र' आहे असे म्हणताना ती कोणत्या नियमांच्या चौकटीत विचित्र आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बुद्धिबळाच्या इतिहासलेखनात प्रारंभपद्धतींची वंशावळ प्रायः लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि मॉस्को या शहरांतून काढली जाते. नियमांचा इतिहास आणि प्रारंभांचा इतिहास अशी दोन वेगळी दालने मानली जातात. वस्तुतः प्याद्याला पहिल्या खेळीत एक घर द्यावयाचे की दोन, या एका कलमावर कडेच्या प्याद्याचे सर्व भवितव्य अवलंबून आहे. हे कलम भारतात एक प्रकारे आणि युरोपात दुसऱ्या प्रकारे चालत होते, आणि या दोन प्रकारांची छापील गाठ ज्या शहरांत लवकर पडली त्यांपैकी मुंबई हे एक होय. प्रस्तुत निबंधात कडेच्या प्याद्याच्या या दुहेरी इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

ग्रोबच्या हल्ल्याची यंत्रणा

प्रथम खेळीची रचना पाहणे आवश्यक आहे. पांढऱ्याने घोड्याचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की काळा स्वाभाविकपणे वजिराचे प्यादे दोन घरे पुढे करतो. त्यामुळे काळ्याच्या उंटाची तिरपी वाट मोकळी होते आणि पांढऱ्याचे पुढे गेलेले प्यादे थेट माऱ्यात येते. पांढरा ते वाचवीत नाही. तो प्याद्याने रिकाम्या केलेल्या घरात आपला उंट आणून लांब कर्णावर रोखतो. काळ्याच्या उंटाने प्यादे टिपले की पांढरा वजिराच्या बाजूच्या उंटाचे प्यादे दोन घरे पुढे ढकलून काळ्याच्या मध्यावरील प्याद्यावर घाव घालतो. काळ्याने मोहाने तेही प्यादे मारले, तर कर्ण मोकळा होतो, पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्यापुढचे प्यादे घेतो आणि कोपऱ्यातील हत्ती संकटात सापडतो. काळ्याचा उंट प्यादे टिपण्यासाठी घर सोडून दूर गेल्यामुळे त्याची ही बाजू उघडी पडली आहे, हे या सापळ्याचे मर्म.

म्हणजे ही खेळी केवळ लहर नाही. एका प्याद्याच्या मोबदल्यात कर्ण विकत घेण्याचा हा सौदा आहे. तो महाग आहे हेही तितकेच खरे. राजापुढील उंटाचे आणि घोड्याचे प्यादे अविचाराने पुढे केले, तर अवघ्या दोन खेळ्यांत काळ्याचा वजीर मात करतो, आणि बुद्धिबळातील सर्वांत लहान डाव म्हणून हेच उदाहरण दाखविले जाते. आजच्या संगणकीय विश्लेषणातही पांढऱ्याने पहिल्या खेळीचा स्वाभाविक लाभ येथे गमावून उलट काळ्याला वरचढ केले, असाच निर्वाळा मिळतो. ग्रोबने मात्र 1942 मध्ये या खेळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि पुढे झुरिकच्या एका वृत्तपत्रातून वाचकांशी पत्राद्वारे हजारो डाव खेळून तिचा प्रसार केला. घरी बसून, वेळ घेऊन, पुस्तके चाळून उत्तर देणाऱ्या वाचकांपुढे सापळ्यांवर आधारलेली पद्धती वर्षानुवर्षे टिकली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ग्रोबची खेळी ही एकटी नाही. वजिराकडील घोड्याचे प्यादे पहिल्याच खेळीत दोन घरे टाकण्याची पद्धती सावियेली टार्टाकोवर याने 1924 च्या न्यूयॉर्क स्पर्धेत गेझा मारोत्सीविरुद्ध वापरली. स्पर्धेच्या सुट्टीत प्राणिसंग्रहालयात पाहिलेल्या ओरांगउटानचे नाव त्याने तिला विनोदाने दिले. पुढे अलेक्सी सोकोल्स्की या सोव्हिएत खेळाडूने 1963 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहून तिला प्रतिष्ठा दिली. याच प्याद्याचे त्याहून जुने आणि कुलीन रूप म्हणजे 'इव्हान्स गँबिट' होय. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श जहाज कप्तानाने 1820 च्या दशकात ते रूढ केले. त्यात घोड्याचे प्यादे चौथ्या खेळीत बळी दिले जाते आणि त्या बदल्यात मध्यावर वेगाने आक्रमण करता येते. एकोणिसाव्या शतकातील युरोपातील अनेक गाजलेले डाव याच प्रारंभाने सुरू झाले.

देशी पद्धतीतील प्यादे

या सर्व पद्धतींना एक गोष्ट समान आहे. त्या घोड्यापुढच्या प्याद्याला दोन घरे मिळतात या गृहीतावर उभ्या आहेत. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांना आजची लांब चाल मिळाली आणि प्याद्याच्या पहिल्या दुहेरी चालीचा नियमही स्थिरावत गेला. या दुहेरी चालीने शेजारच्या शत्रुप्याद्याचा मारा चुकवता येऊ नये म्हणून वाटेतच मारण्याचा नियम आला. तो इटलीत 1880 पर्यंत सार्वत्रिक नव्हता, यावरून हे प्रकरण युरोपातही किती काळ वादग्रस्त होते याची कल्पना येते.

भारतात मोहऱ्यांच्या चाली कालांतराने युरोपीय पद्धतीशी जुळल्या, परंतु प्याद्याच्या बाबतीत जुना संयम टिकून राहिला. एच. जे. आर. मरे यांच्या 1913 मधील बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात एकोणिसाव्या शतकातील भारतीय पद्धतींचे जे वर्णन आहे, त्यावरून असे दिसते की प्याद्याने एकच घर चालावे हा सर्वसाधारण नियम होता. काही भागांत राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती यांच्या पुढील प्याद्यांना आरंभी दोन घरांची मुभा असे, तीही मागील मोहरा आपल्या मूळ घरी असेपर्यंतच. घोड्याच्या आणि उंटाच्या प्याद्यांना ही सवलत नव्हती.

या एका कलमाचे परिणाम दूरगामी आहेत. देशी पटावर ग्रोबची खेळी अशक्य आहे. सोकोल्स्कीची खेळी अशक्य आहे. इव्हान्स कप्तानाचे बलिदान, निदान त्या स्वरूपात, अशक्य आहे. याउलट हत्तीचे, म्हणजे अगदी टोकाचे प्यादे पहिल्याच खेळीत दोन घरे टाकणे, जे युरोपीय ग्रंथांत निव्वळ वेळ दवडणे म्हणून गणले गेले, ते देशी नियमांच्या या प्रकारात विशेषाधिकाराने मिळालेले आहे. थोडक्यात, कोणते कडेचे प्यादे धाडसी आणि कोणते असंभव, याचा क्रमच येथे उलटा लागतो.

बढतीचा नियम याला आणखी बळ देतो. युरोपीय पद्धतीत शेवटच्या घरात पोहोचलेल्या कोणत्याही प्याद्याचा वजीर करता येतो. देशी पद्धतीत प्यादे ज्या मोहऱ्याच्या ओळीतून चालत गेले तोच मोहरा त्याला मिळे, आणि तसा मोहरा पूर्वी मारला गेलेला असेल तरच. हत्तीच्या ओळीतले प्यादे हत्ती होई, उंटाच्या ओळीतले उंट. घोड्याच्या ओळीतले प्यादे घोडा झाल्यावर त्याच दमात घोड्याची एक अडीच घरांची उडीही घेत असे. म्हणजे प्याद्याचे मूल्य त्याच्या जन्मस्थानावर ठरत असे. 'प्यादे शेवटी प्यादेच' हे युरोपीय समतावादी गणित तेथे लागू नव्हते. (वर्णव्यवस्थेशी याची तुलना करण्याचा मोह काही लेखकांना होतो. तथापि एखाद्या खेळाच्या कलमातून समाजरचना वाचण्याचा हा प्रकार पुराव्याअभावी टाळलेलाच बरा.)

राजाच्या संरक्षणाचा नियमही कडेच्या प्याद्याशी निगडित होता. देशी पद्धतीत किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदाच, आणि तोवर शह बसलेला नसेल तर, घोड्याप्रमाणे उडी घेता येई. घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे सरकवले की त्याच्या मागे रिकामी होणारी जागा राजाच्या मूळ घरापासून नेमकी घोड्याच्या उडीइतकी दूर असते. म्हणून घोड्याच्या प्याद्याची छोटी, एका घराची चाल ही राजासाठी घर बांधण्याची चाल ठरते. हेच प्यादे दोन घरे पुढे फेकणे म्हणजे त्या घराला भिंतच न ठेवणे. ज्या खेळाडूच्या हाडीमांसी ही रचना भिनलेली आहे, त्याला ग्रोबची खेळी किती परकी वाटली असती, हे यावरून ध्यानात येते.

1814 : मुंबईतील एक ग्रंथ

अशा परिस्थितीत 1814 साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखकाचे नाव तिरुवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृत 'विलासमणिमंजरी' या स्वतःच्याच ग्रंथाचे त्यांनी केलेले हे रूपांतर 'बुद्धिबळावरील निबंध' अशा आशयाच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच 'युरोपीय खेळपद्धतीस अनुसरून' हे शब्द आहेत, आणि या लेखाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

त्या वेळची मुंबई लक्षात घ्यावयास हवी. पेशवाई अद्याप संपलेली नव्हती. ती 1818 मध्ये संपली. सर इव्हान नेपियन मुंबईचे गव्हर्नर होते. फर्दुनजी मर्झबान यांचा गुजराती छापखाना दोनच वर्षांपूर्वी, 1812 मध्ये निघालेला होता. 1804 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या साहित्यसभेत युरोपीय अधिकारी पौर्वात्य विद्येची चर्चा करीत होते. अशा शहरात एक संस्कृत पंडित बुद्धिबळावरचे आपले ज्ञान इंग्रजी वाचकापुढे मांडतो आणि त्यासाठी नियम मात्र वाचकाचे स्वीकारतो. ही शरणागती म्हणावी की व्यवहारचातुर्य? बहुधा दुसरेच. मोहऱ्यांच्या चाली दोन्ही पद्धतींत सारख्या असल्याने त्यांच्या रचना युरोपीय पटावर विनासायास मांडता येत होत्या. अडचण होती ती प्याद्यांची, आणि तेथे तडजोड केली की काम भागत होते.

ग्रंथाचे स्वरूप पाहिले असता आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. तो मुख्यतः कूटस्थितींचा संग्रह आहे. अमुक इतक्या खेळ्यांत मात करा, प्याद्याने मात करा, अशा अटींची ही कोडी आहेत. प्यादेमात हा देशी खेळातील सर्वोच्च सन्मान, आणि त्याची छाप या संग्रहावर उघड दिसते. प्रारंभाच्या शास्त्राला त्यात ते स्थान नाही. याचे कारण लेखकाच्या आवडीनिवडीपेक्षा खेळाच्या नियमांत शोधावे लागते. प्यादी एकेक घर चालत असता दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते. पहिल्या आठ-दहा खेळ्या प्रतिपक्षाची दखल न घेता आपापली मांडणी करण्यात जातात. काही प्रदेशांत तर आरंभीच्या ठरावीक खेळ्या दोघांनी एकदमच करून घ्याव्यात असा प्रघात होता. अशा खेळात 'तिसऱ्या खेळीतील सापळा' ही कल्पनाच उगवत नाही. आक्रमक प्रारंभपद्धती ही दुहेरी चालीच्या प्याद्याची अपत्ये आहेत; ज्या पटावर ती चाल नाही, तेथे चातुर्याचा सारा भर मध्यावर आणि अंतावर येतो.

या पुस्तकाचा लंडनमधील प्रवास अल्पावधीत झाला. विल्यम लुइस याने 1817 मध्ये 'पौर्वात्य बुद्धिबळ' या अर्थाच्या नावाने त्यातील कूटे पुनर्मुद्रित केली. अशा प्रकारे मुंबईत छापलेल्या कूटरचनांची ओळख इंग्लंडच्या वाचकांना झाली, परंतु ज्या नियमांच्या मुशीत ती प्रतिभा घडली ते नियम मागेच राहिले.

देशी भाषांतील लेखन अर्थातच थांबले नाही. पुण्यात 1893 साली विनायक राजाराम टोपे यांचे 'बुद्धिबळक्रीडा' प्रसिद्ध झाले. गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीतील श्रीवेंकटेश्वर मुद्रणालयाने हरिकृष्ण यांचा 'बृहज्ज्योतिषार्णव' छापला, त्याचाच 'क्रीडाकौशल्य' हा भाग असून त्यात इतर खेळांबरोबर बुद्धिबळाचेही विवेचन आहे.

'भारतीय' या विशेषणाचा घोळ

युरोपीय परिभाषेत 'भारतीय बचाव' हे नाव कसे आले, हेही येथे पाहिले पाहिजे. 1848 ते 1860 या काळात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी महेशचंद्र बंदोपाध्याय यांनी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून मागे उंट बसवीत, आणि मध्य प्रतिपक्षाला सोडून देत. ही रचना देशी पद्धतीतील सवयीचा अवशेष होती, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. पुढे विसाव्या शतकात याच रचनेला शास्त्रीय मान्यता मिळाली आणि 'भारतीय' हे नाव सर्व भाषांत रूढ झाले. म्हणजे कडेच्या प्याद्याची जी संयत, एका घराची चाल, ती भारतीय ठरली. आणि त्याच प्याद्याची जी उद्दाम, दोन घरांची चाल, तिला ग्रोब, सोकोल्स्की, इव्हान्स अशी युरोपीय व्यक्तिनामे मिळाली. नावांची ही विभागणी प्राच्यविद्येच्या ठोकळेबाज कल्पनांना सोयीची आहे, पण तिचे मूळ स्वभावात नसून नियमात आहे, हे विसरता कामा नये.

पंजाबातील मीर सुलतान खान याचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. देशी पद्धतीत वाढलेल्या या खेळाडूने 1929, 1932 व 1933 मध्ये ब्रिटिश विजेतेपद मिळवले. त्याचा प्रारंभ कच्चा आणि अंत अजिंक्य, असे समकालीनांनी म्हटले. ज्या खेळात प्रारंभ हा लढाईचा भागच नव्हता, त्या खेळातून आलेल्या माणसाविषयी याहून वेगळे काय म्हणता आले असते?

गिरगाव : नियम आणि न्याय

स्वातंत्र्यानंतर नियमांतर वेगाने झाले. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 मध्ये आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. देशी पद्धत यानंतर स्पर्धेबाहेर, घरच्या ओसरीपुरती उरली.

या स्थित्यंतराची झळ आणि लाभ दोन्ही गिरगावात पाहावयास मिळतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 मध्ये सुरू केलेल्या 'नवाकाळ' या दैनिकाचे घराणे गिरगावातले. संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्यांनी भारतीय महिला बुद्धिबळाचे पहिले दशक अक्षरशः व्यापले. 1974 मध्ये बंगलोर येथे झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली, आणि 1983 पर्यंत हे विजेतेपद या तीन भगिनींबाहेर गेले नाही. रोहिणी यांनी ते 5 वेळा मिळवले आणि 1981 मध्ये त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. ग्रोबप्रमाणेच येथेही बुद्धिबळ आणि वृत्तपत्र एका घरात नांदत होते. साम्य मात्र तेवढ्यावरच थांबते.

1976 मध्ये 13 वर्षांच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे त्यांच्या बाजूने निर्णय झाला. जागतिक महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनीही राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. देशी पद्धतीच्या लोपाबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही. प्रांतोप्रांती, घरोघरी बदलणाऱ्या नियमांना दाद मागण्याचे ठिकाण नव्हते. ज्या मापाने घोड्याचे प्यादे जगभर एकसारखे दोन घरे चालू लागले, त्याच मापाने गिरगावातील एका मुलीला जागतिक संघटनेच्या अध्यक्षाकडे न्याय मागता आला. गमावले ते कमी नव्हे. मिळाले तेही कमी नव्हे. दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे.

टोकाच्या प्याद्याचे पुनरागमन

2017 च्या अखेरीस अल्फाझीरो या संगणकप्रणालीने केवळ नियम जाणून, मानवी डावांचा आधार न घेता, स्वतःशी खेळून बुद्धिबळ आत्मसात केल्याचे जाहीर झाले. तिच्या डावांचा अभ्यास करणाऱ्या मॅथ्यू सॅडलर व नताशा रेगन यांच्या 2019 मधील ग्रंथात एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले आहे. ही प्रणाली हत्तीपुढचे, अगदी टोकाचे प्यादे वारंवार आणि निःसंकोचपणे पुढे चालवते, प्रतिपक्षाच्या राजाच्या तटाला भिडवते आणि तेथे ते पाचरीसारखे रुतवून ठेवते. जागतिक दर्जाच्या खेळाडूंनी ही चाल त्यानंतर झपाट्याने उचलली. ग्रोबच्या घोड्याच्या प्याद्याला मात्र संगणकाने अशी दाद दिलेली नाही. ज्या प्याद्याला एकोणिसाव्या शतकात देशी पद्धतीच्या काही प्रकारांत दोन घरांची सवलत होती ते आज सन्मानाने पुढे जाते. ज्याला तेथे एकच घर मिळे, ते दोन घरे गेल्यास अजूनही महागात पडते.